टाचणवहीचं एकतिसावं पान

॥ श्री ॥
औरंगाबाद,
दि. १४ जानेवारी १९७३

चि. केशवास अनेक आशीर्वाद.

पार्सल शुक्रवारी पोचलं. पाठटाचणाच्या कोऱ्या वह्या दोन, मागं छापील किंमत प्रत्येकी एक रुपया वीस पैसे. रंगीत खडूंची पेटी एक, त्यातला पिवळा मोडलेला. उमासाठी कापडी पिशवी, किंमत खोडलेली. पार्सलावरची तिकिटं दोन रुपये दहा पैशांची. पत्र नाही. खडूंच्या पेटीतला भुसासुद्धा ताटात ओतून पाहिला.

वह्या ह्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून मी फडताळात ठेवल्या होत्या. उमा सोळा वर्षांची घोडी झाली तरी तिला पोच नाही. जेवायच्या वेळीच घेऊन आली, "बाबा, केशवमामानं तुमच्यासाठी पाठवल्यात." ह्यांनी वह्यांकडं पाहिलं, चित्राहुती घातलेल्या तशाच राहिल्या, आणि हे पानावरून उठले. आज संक्रांत. तुला तिळगूळ पाठवत नाही. महागाईचं निमित्त सांगणार नाही. रागावले आहे म्हणून पाठवत नाही.

तू बडोद्याला जायच्या आधी ह्यांचा बी.एड.चा पाठ झाला, त्या दिवशी निरीक्षक म्हणून तू येणार नव्हतास हे मला मागाहून समजलं. ज्यांची पाळी होती ते सर आजारी पडले आणि विभागानं तुला पाठवलं. मान्य. पण समोर कोण उभं आहे हे तर दिसत होतं ना? टीकापाठ म्हणजे काय प्रकार असतो हे मला ह्यांनी कधी सांगितलं नाही, शेंद्र्याचे सांडू मास्तर ह्यांच्याच वर्गात आहेत, ते येऊन सांगून गेले. एकानं पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी मागच्या बाकांवर वह्या उघडून बसायचं, मग एकेकानं चुका सांगायच्या आणि शेवटी निरीक्षकानं शेरा मोठ्यानं वाचायचा. तू वाचलास, "टाचण आणि पाठ यांचा मेळ नाही. टाचण स्वतःचे नाही." पंचवीस शिक्षक बसलेले, निम्मे ह्यांची मुलं शोभतील असे, दोघं तर ह्यांच्या हाताखालून गेलेले. तू विचारलंस, हे आपलं आहे का? हे म्हणाले, नाही. दुसरा शब्द नाही. टोपी घातली, सायकल घेतली, घरी आले. तेव्हापासून विद्यापीठाची पायरी चढलेले नाहीत.

सांडू मास्तर जाताना म्हणाले, "वहिनी, आमच्या सगळ्यांच्या वह्या उसन्याच हायेत. दत्तोपंतच सापडले, कारण तपासणारा घरचा निघाला." त्यांना हसू येत होतं. मला नाही आलं.

अक्षर माझं आहे हे तू पहिल्या ओळीला ओळखलं असशील. मी लपवत नाही. हे सांगत होते आणि मी लिहीत होते. त्यात कसली चोरी? हैद्राबादेहून उर्दूत बी.ए. झालेला माणूस. पोलीस ॲक्शन झाल्यावर एका उन्हाळ्यात शाळांची भाषा बदलली. काल उर्दूतून शिकवणाऱ्यानं जूनपासून मराठीतून शिकवायचं. ह्यांनी शिकवलं, आणि असं शिकवलं की लोक चिकलठाण्याहून पोरं पाठवायला लागले. बोलायला मराठी घरचीच. लिहायला मात्र हात उर्दूचाच राहिला. मी तर लग्नानंतर ह्यांच्याच शिकवणीवर मराठीतून मॅट्रिक झाले, म्हणून लिहिणं माझ्याकडं. चोवीस वर्षांत कुणाचं काही अडलं नाही. आता म्हणे बी.एड. पाहिजे आणि प्रत्येक पाठाचे रकाने पाडून पाहिजेत. उद्दिष्ट एका रकान्यात, शिक्षकाची कृती दुसऱ्यात, विद्यार्थ्याची तिसऱ्यात. पोरगं काय उत्तर देणार हे आदल्या दिवशी लिहून ठेवायचं. असं कुठं असतं का?

मुख्याध्यापक काकासाहेबांनी स्पष्ट सांगितलंय, एप्रिलअखेर परीक्षेला बसल्याचा दाखला आला नाही तर जूनपासून जागा दुसऱ्याची. माणूस तयार ठेवलाय, पदवी आणि बी.एड. दोन्ही असलेला. दोन पाठ राहिलेत आणि तुझ्या लाल शाईनं वही अडून बसलीय.

नऊ वर्षांचा असताना पत्र्याची पेटी घेऊन तू आमच्या दारात आलास. तेव्हा तुझं स्वतःचं काय होतं, कुणी विचारलं नव्हतं.

तुझी
ताई


औरंगाबाद,
दि. ५ फेब्रुवारी १९७३

चि. केशवास आशीर्वाद.

कार्ड मिळालं. घरच्या गोष्टी उघड्या कार्डावर लिहू नयेत एवढं विभागातून रजा घेऊन बडोद्याला पीएच.डी.चा अभ्यास करणाऱ्याला सांगावं लागतं. टपालवाला वाचून देतो. "ताई, दाजींना बहीण नाही. पान एकतीसवरची ताई कोण?" हे त्यानं मला दारात मोठ्यानं वाचून दाखवलं आणि वर, "ह्ये कोडं हाय का बाई?" म्हणाला.

आता त्या ताईचं काय सांगू? टाचणं इकडून तिकडं फिरतात. मागच्या वर्षीच्यांच्या वह्या पुढच्या वर्षीचे घेतात, तुझ्याच विभागाचा रिवाज आहे हा, तू नवा नाहीस. कुठल्या तरी वहीतली कुणाची तरी ताई असेल. ते जाऊ दे.

काम झालं ते सांगते. मी स्वतः विद्यापीठात जाऊन आले. बेगमपुऱ्यापर्यंत टांग्यानं, पुढं पायी. नेसूची साडी इस्त्रीची होती, तिचं तिथं पोचेपर्यंत धुळीनं मातेरं झालं. तुझ्या विभागात पहिल्यांदाच गेले. तू नोकरीला लागलास तेव्हा ताई एकदा येऊन बघ म्हणाला होतास, तेव्हा सवड झाली नाही. तुझं टेबल दाखवलं शिपायानं. वर दुसऱ्याचे कागद होते.

प्रमुख सर सभ्य आहेत. खुर्ची दिली. म्हणाले, नियम असा, की निरीक्षकानं नापास केलेला पाठ त्याच निरीक्षकाच्या लेखी शिफारशीनंच पुन्हा घेता येतो. केशवरावांचं पत्र आलं तर चोवीस मार्चच्या आत एक दिवस देता येईल, नंतर बाहेरचे परीक्षक येतात, मग माझ्याही हातात काही नाही. मी म्हटलं, चोवीस वर्षं शिकवलेल्या माणसाला तुम्ही आता शिकवायला शिकवणार? ते रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, चांगलं शिकवतात म्हणूनच वाईट वाटतं. त्या दिवशीचा पाठ चांगलाच झाला होता. केशवरावांनीच सांगितलं मला. फक्त वहीत एक होतं आणि फळ्यावर दुसरंच."

हे तू त्यांना सांगितलंस, आणि वर्गात नाही सांगितलंस. का रे? चांगल्या गोष्टीला लाल शाई पुरत नाही का?

घरी हे तसेच. शाळेत जातात, येतात, आरामखुर्चीत बसतात. सांडू मास्तर बोलवायला आले तर उमाकरवी घरी नाहीत म्हणून सांगवलं. ज्या माणसानं कधी पोराला खोटा निरोप सांगू दिला नाही, त्यानं. तुझं नाव काढत नाहीत. अगदीच वेळ आली तर "ते परीक्षक" म्हणतात. परवा मी म्हटलं, अहो, निदान पुढचे दोन पाठ तरी काढू लिहून. तर म्हणाले, "माझा सबक मला लिहिता येत नाही हे पंचवीस जणांसमोर मी कबूल केलंय. आता पुन्हा तुझ्या अक्षरात काय लिहायचं?"

मी उठून चुलीकडं गेले. का ते नंतर लिहीन.

नळाला एक दिवसाआड पाणी आहे. रेशनला अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो, येतेय, तिच्या भाकरीनं उमाचं पोट दुखतं. माझा सोमवारचा उपास चालू आहे, त्यामुळं एका माणसाचं वाचतं. देवाला काय मागायचं तेच कळेनासं झालंय, नुसतं निरांजन लावते आणि उठते.

तुझी
ताई


औरंगाबाद,
दि. २६ फेब्रुवारी १९७३

चि. केशवास आशीर्वाद.

तीन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. तुला खोटं कळतं हे मी विसरले होते. लहानपणी गूळ कुणी खाल्ला हे मी तुझ्या तोंडाकडं बघून सांगायची, आता तू पत्राकडं बघून सांगतोस.

तर लिहिते. एका बैठकीत लिहिते, पुन्हा वाचणार नाही.

पान एकतीसवरची ताई मी आहे. ती वही तुझी आहे. तू बी.एड. झालास त्या वर्षीच्या तुझ्या चारही टाचणवह्या पत्र्याच्या पेटीत होत्या, तुझ्या जुन्या सदऱ्यांखाली. कागद टाकून द्यायचा नाही ही माझी सवय तुला माहीत आहे. ह्यांच्या वर्गाला सुरुवात झाली तेव्हा गाइड आणायला सांगितलं होतं, साडेचार रुपयांचं. मी म्हटलं घरात चार वह्या पडल्यात, उत्तम शेरे असलेल्या, मग गाइड कशाला? तेवढ्यासाठी हे सगळं झालं.

हे सांगत होते आणि मी लिहीत होते, हेही खोटं. पहिले तीन पाठ तसे केले. हे उर्दूत छोट्या चिठ्ठ्यांवर मुद्दे काढायचे आणि मला मराठीतून सांगायचे. पण सांगता सांगता पाठ बदलायचा. अर्ध्या रकान्यात आले की म्हणायचे, हे खोड, असं नको, आधी पोरांना मातीच हातात देऊ. माझा कागद वाया. मी चिडायला लागले. मग म्हटलं, तुम्ही शाळेचे पेपर तपासा, मी बघते. आणि तुझी वही समोर ठेवून उतरवून काढायला लागले. ह्यांना वाटायचं मी ह्यांच्या चिठ्ठ्यांवरूनच लिहिते. मला उर्दू वाचता येत नाही हे चोवीस वर्षांत ह्यांच्या ध्यानात आलं नाही, किंवा आलं असेल तरी माझ्यावर भरवसा होता. वही उघडून कधी पाहिली नाही. खाली सही केली आणि गेले. म्हणून वहीत तुझा पाठ आणि फळ्यावर ह्यांचा. मेळ बसेल कुठून?

तू समजलास की दाजींनी तुझी वही चोरून उतरवली, तीही बहिणीला राबवून. हे समजले की आपल्याला मराठी लिहिता येत नाही म्हणून सगळ्यांसमोर उघडं पाडलं. "नाही" म्हणाले ते अक्षर ह्यांचं नव्हे, माझं आहे, एवढ्यापुरतं. माझं नाव यायला नको म्हणून पुढं बोललेच नाहीत. तुम्ही दोघं दोन वेगळ्याच गोष्टींवरून दोन महिने तोंड फिरवून बसलात आणि तिसरी गोष्ट मला एकटीला माहीत.

आता तू विचारशील, बाकी सगळं उतरवलंस ते उतरवलंस, ती ताईची ओळ गाळता आली नाही का? शेरा येण्याइतकं कच्चं काम ताई कधी करत नाही.

आली असती गाळता. बाकीच्या पाठांत मी गावांची नावं बदलली होती, तारखा बदलल्या होत्या. भूजलाचा पाठ काढायला घेतला आणि प्रास्ताविकात तुझं ते वाचलं. ते मला पाठ झालंय. "उन्हाळ्यात दुधना आटली की माझी ताई वाळूत झिरा खोदायची. पहिलं पाणी गढूळ यायचं. ते ती उपसून टाकायची आणि निवळ पाणी येईपर्यंत बसायची, मग वाटीवाटीनं घागर भरायची. मी विचारायचो, पाणी कुठून येतं? ती म्हणायची, खाली आहे, तू थांब."

केशव, तू हे लिहिलंस आणि मला कधी सांगितलं नाहीस. मी आजवर इतकं लिहिलं, दुधाचा हिशोब, धोब्याचे कपडे, तुझे फीचे अर्ज, ह्यांची टाचणं. माझ्याबद्दल कुणी दोन ओळी कुठं लिहिल्या असतील असं वाटलं नव्हतं. पेन तिथंच थांबलं. मग जसंच्या तसं उतरवलं. काना-मात्रासुद्धा बदलली नाही. चूक कळत होती आणि केली.

ह्यांना अजून सांगितलेलं नाही. शिवरात्रीचा उपास सोडला की सांगीन. नाही सांगितलं तर दर सोमवारी त्या पिंडीवर पाणी घालायला मला तोंड राहणार नाही.

तू मात्र माझ्यावर काय रागवायचं ते आता नीट माणूस बघून रागव.

ताई


औरंगाबाद,
दि. ११ मार्च १९७३

चि. केशवास अनेक आशीर्वाद.

तुझी मनीऑर्डर परत पाठवली आहे. पैशांनी बोलायची सवय लावून घेऊ नकोस. पावतीच्या तुकड्यावर "ताई, वाचलं" एवढं लिहिलंस, तो तुकडा मात्र ठेवून घेतला.

ह्यांना सांगितलं. उपास सोडायला बसले होते तेव्हाच सांगून टाकलं, पुन्हा पानावरून उठले तर उठोत म्हणून. उठले नाहीत. भाकरी मोडत राहिले. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुला माझ्या चिठ्ठ्या वाचताच येत नव्हत्या?" मी म्हटलं नाही. "मग इतकी वर्षं मी किराणा उर्दूत लिहून देतो तो कसा आणतेस?" मी म्हटलं, घरात काय संपलंय ते मला चिठ्ठीवरून कळायला लागतं का?

उमा हसली. हे नाही हसले. हात धुतले, जानेवारीपासून कोनाड्यात पडलेली ती वही काढली आणि एकतिसावं पान काढून वाचायला बसले. पहिल्यांदाच वाचत होते. हळू वाचतात ते मराठी, बोट ठेवून. मी भांडी घासली, ओटा पुसला, तरी तेच पान. चोवीस वर्षांत हात उगारला नाही, पण त्या दिवशी उगारला असता तर बरं झालं असतं असं वाटलं.

शेवटी म्हणाले, "चांगलं लिहिलंय पोरानं. हे मी त्याला शिकवलेलं नाही."

पोरानं म्हणाले. परीक्षक नाही म्हणाले. ही गोष्ट तुला आधी सांगायला पाहिजे होती, पण जशी घडली तशी लिहितेय.

मग तू पाठवलेली कोरी वही मागितली. उमानं दिली. त्या दिवसापासून स्वतः लिहीत बसलेत. केशव, बघवत नाही. एका रकान्याला एक दुपार. ओळ लिहितात, खोडतात, उमाला विचारतात, तिचं पटत नाही, पुन्हा खोडतात. वहीची पानं फाडतात आणि मला एकेक पान गोळा करावं लागतं. मी म्हटलं, सांगा, मी लिहिते. तर माझ्याकडं असं पाहिलं की मी सरळ ओसरीवर जाऊन तांदूळ निवडत बसले. इतका राग आला होता मला त्या वहीचा, त्या रकान्यांचा, तुझ्या विभागाचा आणि खरं सांगायचं तर तुम्हा दोघांचा. एकाला लिहिता येत नाही म्हणून सांगता आलं नाही, दुसऱ्याला शाबास म्हणता येत नाही म्हणून शेरा मारला. मध्ये मी, सगळं लिहिता येणारी.

सांडू मास्तर काल येऊन गेले. वही पाहून म्हणाले, "दत्तोपंत, येवढ्या वेळात माझे धा पाठ उतरून व्हतेत." हे म्हणाले, "तुमचे होतील. माझा आधी हा एक होऊ द्या."

तोच पाठ पुन्हा घ्यायचा म्हणतात. भूजल. आणि शेऱ्याबद्दल त्यांचा निरोप आहे, त्यांच्याच शब्दांत लिहिते: "शेरा खोडू नको म्हणावं. शेरा बरोबर आहे. टाचण माझं नव्हतंच. फक्त पाठ पुन्हा घ्यायची इजाजत दे म्हणावं." मी वेगळ्या कागदावर, वही मी उतरवली, ह्यांना माहीत नव्हतं, असं लिहून सही करून प्रमुख सरांकडं देऊन आले. पुन्हा त्या धुळीतून. त्यांनी वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, बाई, आता केशवरावांचं पत्र तेवढं येऊ द्या.

काल दुपारी मी निवडायला बसले होते तर हे वही घेऊन समोर पाटावर येऊन बसले, वर्गात पहिल्या बाकावर पोरगं बसतं तसे. म्हणाले, "मला तो झिरा कसा खोदायचा ते सांग. नीट सांग. मला लिहायचंय."

मी म्हटलं, त्यात काय सांगायचं, वाळू उकरायची.

"किती खोल?"

"कोपरापर्यंत."

"मग पाणी लगेच येतं?"

"नाही. ओल लागते. मग बाजूची वाळू ढासळते, ती पुन्हा काढायची. कडेला दगड लावायचे. मग बसायचं."

"किती वेळ?"

"दिवसावर आहे. चैत्रात लवकर. वैशाखात एका घागरीला दोन घटका. दुष्काळाच्या वर्षी कोपरापर्यंत नाही, खांद्यापर्यंत हात घालायची मी. तेव्हा केशव माझे पाय धरून बसायचा, मी आत पडू नये म्हणून."

ते वर बघेनात. लिहीत राहिले. मी निवडणं थांबवलं होतं. नंतर मला दाखवलं काय लिहिलंय ते. वाकडंतिकडं अक्षर, खाडाखोड, पण रकाना भरला होता. "शिक्षक सांगतात: आमच्या घरात एक बाई आहेत. त्यांनी हे स्वतः केलेलं आहे. त्यांचे पाय एक लहान मुलगा धरून बसत असे." त्यापुढं विद्यार्थ्यांच्या रकान्यात काही नव्हतं. मी म्हटलं, इथं पोरांचं उत्तर लिहावं लागतं ना? म्हणाले, "पोरं काय म्हणतील ते मला कसं माहीत? ऐकू त्या दिवशी."

ह्या एका रिकाम्या रकान्यासाठी तुझे लोक पुन्हा नापास करतील की काय, ही धास्ती मला आहेच. करोत. पण पाठ व्हायला तर पाहिजे.

आज अकरा तारीख. हे पत्र तुला चौदा-पंधराला मिळेल. चोवीसच्या आत पाठ व्हायचा तर दोन दिवस आधी तरी प्रमुख सरांच्या टेबलावर तुझी शिफारस पोचली पाहिजे, नाहीतर हे सगळं लिहिणं वाळूत. दोन ओळी चालतील. मायना बरोबर लिही, तारीख घाल, सही स्वच्छ कर. त्याच पाकिटात ह्यांच्या नावानं एक चिठ्ठी घाल, त्या दिवशीचा पाठ चांगला झाला होता एवढंच लिही. मराठीत लिही, ह्यांना वाचता येतं. आणि मला उलट टपालानं कळव, पत्र टाकलंस म्हणून. या खेपेला कार्ड चालेल, टपालवाला वाचो.

तुझी
ताई